अल्माटीची दिल्नाझ

सारी-केचू, ९ नोव्हेंबर

पेरिझात,

हे पत्र टपालात न टाकता मिनीबसवाल्या जुमाबेकच्या हातात देतेय. पाकीट तीन ठिकाणी चिकटवून जोडावर सही केली आहे. सही मधोमध तुटलेली दिसली तर समज, तुझ्याआधी कुणीतरी वाचलं. तुझ्या आत्याबद्दल माझ्या मनात वाईट नाही, पण ज्या घरी मुलीला शिक्षा म्हणून पाठवतात तिथे तिची पत्रं कुणी फोडत नाही, असं धरून चालणं भोळेपणाचं होईल. पटतंय ना?

अक्षरावरून ओळखलं असशीलच. मी उलकान एजे, तुमचा संगणकाचा तास घेणारी बाई.

तीन आठवडे दहावीच्या वर्गात तुझी जागा रिकामी आहे. आयचुरोक अजून अर्ध्या बाकावरच बसते, तुझं अर्धं सोडून. मुख्याध्यापक म्हणाले, "पटावरून नाव काढा, ती मुलगी आता तोकमोकला शिवणकाम करते." मी म्हटलं, "जानेवारीपर्यंत थांबा." शिवणकाम वाईट नाही, माझी आई त्यावरच जगली. पण मी फळ्यावर गणित पुरतं लिहायच्या आत तू उत्तर सांगायचीस. परत ये.

त्या शनिवारी काय झालं ते मी नंतर ऐकलं. सकाळी सातच्या बिश्केकच्या गाडीत तू खिडकीशी बसली होतीस, काकांनी दार उघडून दंडाला धरून तुला खाली ओढलं, बाजाराच्या तोंडाशी, सगळ्यांदेखत. फोन तिथेच दगडावर आपटला. मी त्या वेळी घरी होते, कपडे धूत होते. तुझ्या आजीला आणि काकांना कुणी कळवलं, मला ठाऊक नाही. तू कुणाकुणाशी बोलली होतीस ते आठवून बघ. आयचुरोकला गाडीची वेळ माहीत होती का? मी तिच्यावर आळ घेत नाही. पण हल्ली तुझं नाव काढलं की ती नजर चुकवते.

गाव म्हणतं, पेरिझात एका पुरुषाबरोबर पळून चालली होती. मी जिथे ऐकते तिथे सांगते, पुरुष वगैरे कुणी नव्हता. फोनवर ती मदिना नावाची बाई होती, अल्माटीच्या हॉटेलात काम शिकवते म्हणणारी. राहणं-खाणं फुकट, तू फक्त बिश्केकच्या बस स्थानकावर ये, पुढचं आम्ही बघतो, ओळखपत्राचा फोटो आत्ताच पाठव, घरच्यांना तिथे पोचल्यावरच सांग. तासाला मी हेच तर सांगत होते! अनोळखी माणूस आधी तुमचं कौतुक करतो, मग घाई करतो, मग म्हणतो हे आपल्या दोघांतच ठेव. तुम्ही सगळे मागे बसून हसत होतात.

आणखी एक. अल्माटीच्या एका मुलीशीही तुझी फोनवर मैत्री होती म्हणे. तिच्यावरही विश्वास ठेवू नकोस. तसल्या खात्यामागे कोण बसलंय, कुणी सांगावं? कधी नवा फोन मिळाला आणि तिने लिहिलं, तर उत्तर देऊ नकोस. पटतंय ना?

उलकान एजे


सारी-केचू, १ डिसेंबर

पेरिझात,

जुमाबेकने पाकीट आणून दिलं. मला वाटलं तुझं पत्र आलं. आत माझंच पत्र निघालं. "पटतंय ना" या शब्दांभोवती लाल पेनाने वर्तुळं. मदिनाच्या नावाखाली दोन रेघा, आणि समासात तुझं बारीक अक्षर: "हे नाव मी जगात एकाच मुलीला सांगितलं होतं. तीही दर चार ओळींनी पटतंय ना म्हणायची."

तास नीट ऐकायचीस म्हणजे तू. लिहिण्याच्या लकबीवरून माणूस ओळखा, हे मीच शिकवलं होतं.

तर हो. दिल्नाझ मी होते.

वाचून थांबू नकोस, पुढे वाच. सप्टेंबरच्या सुरुवातीला जिल्ह्यातून माहितीपत्रकं आली, मुलांना इंटरनेटवरचे धोके शिकवा म्हणून. मी ती वर्गात वाचली, तुम्ही जांभया दिल्यात. मग मी ठरवलं, यांना एकदा चटका बसू दे. सोळा वर्षांची दिल्नाझ तयार केली, अल्माटीची, हसरी, केसांना लाल क्लिप. तुम्हा बावीस जणांना मैत्रीची विनंती पाठवली. दोन दिवसांत एकोणीस जणांनी ती स्वीकारली. शुक्रवारी फळ्यावर एकोणीस नावं लिहायची, तुमची तोंडं बघायची आणि खातं पुसून टाकायचं, असा बेत होता.

पण गुरुवारी तू दिल्नाझला त्या मदिनाबद्दल लिहिलंस. मग मी खातं कसं बंद करणार होते? बंद केलं असतं तर मला पुढचं कळलं असतं का? म्हणून शुक्रवारी पुन्हा माहितीपत्रकच वाचलं आणि दिल्नाझला जिवंत ठेवलं.

मी तुला अडवायचा प्रयत्न केला. आठवतं? दिल्नाझने लिहिलं होतं, "तुमच्या शाळेत कुणी बाई नाहीत का, त्यांना विचार की." तू लिहिलंस, "आहेत एक उलकान एजे. त्यांना भाताच्या शितातही चोर दिसतो. त्यांना सांगितलं तर आधी माझाच फोन काढून घेतील." मी हसण्याचं चित्र पाठवलं.

शुक्रवारी संध्याकाळी तू दिल्नाझला सातच्या गाडीचं सांगितलंस. तासाभरात मी तुझ्या आजीच्या, सोनुन आपांच्या दारात होते. त्यांना सांगितलं, "एका निनावी माणसाचा फोन आला होता." आयचुरोकला काहीच माहीत नव्हतं. तिच्याबद्दल मी लिहिलं ते खोटं होतं आणि मला ते ठाऊक होतं.

कपडेही मी धूत नव्हते. तुझ्याआधी एक तास टॅक्सीने निघून मी बिश्केकला गेले. साडेअकराला तुला जिथे उभं राहायला सांगितलं होतं, त्या तिकीट खिडकीसमोर उभी राहिले. तिथे वाइनच्या रंगाचा कोट घातलेली एक बाई होती. चांगल्या घरातली वाटावी अशी. दोन साम्सा घेतले होते तिने, एक खात होती आणि एक कागदात धरून ठेवला होता. येणाऱ्या प्रत्येक गाडीतून उतरणाऱ्या मुलींकडे बघायची, मग फोनकडे, मग पुन्हा मुलींकडे. मी जवळ गेले. म्हटलं, "कुणाची वाट बघताय?"

"भाचीची," ती म्हणाली.

"कुठून येतेय?"

"तुम्हाला काय करायचंय?"

पाच मिनिटांनी ती चालू लागली. साम्सा कचऱ्यात टाकला, अख्खा. बाहेर एका राखाडी गाडीत मागे बसली. मी गाडीचा नंबर हातावर लिहिला. पोलीस चौकीत दिला. तिथला माणूस म्हणाला, "आपा, तिने केलं काय? बस स्थानकावर उभी राहिली?" कदाचित ती खरंच भाचीची वाट बघत असेल. दीड महिना मी स्वतःला हेच विचारतेय.

पण समज, ती मदिनाच होती. मग मी नसते तर आज तू कुठे असतीस? माफी मला मागायची आहे, मागीनही. पण आधी तू एवढं तरी कबूल कर.

उलकान एजे


सारी-केचू, १८ जानेवारी

पेरिझात,

सात आठवडे तुझ्याकडून काहीच नाही. जुमाबेकला विचारलं, "हातात दिलंस ना तिच्या? की आत्याकडे दिलंस?" तो म्हणाला, "एजे, आता माझ्यावर पण संशय! तिच्या हातात दिलं, तिने माझ्यासमोर फोडलं, वाचलं, घडी करून मशीनच्या खणात ठेवलं." फेकलं नाहीस, हे ऐकून बरं वाटलं.

मागच्या पत्रातली वाक्यं पुन्हा डोक्यात येतात आणि कानशिलं तापतात. 'आधी तू कबूल कर.' मी कोण मागणारी?

परवा बिश्केकहून पोलिसांतल्या एक लेफ्टनंट बाई आल्या होत्या. डिसेंबरात दक्षिणेकडच्या एका खेड्यातली सतरा वर्षांची मुलगी अशाच कोर्सला म्हणून निघाली. बारा दिवसांनी सीमेपलीकडे एका कुलूपबंद घरात सापडली. जिवंत आहे, आईकडे आहे, बोलत नाही. तिला स्थानकावरून नेणारी गाडी राखाडी होती. चौकीतल्या त्या माणसाने चेष्टेने का होईना, मी दिलेला नंबर वहीत लिहून ठेवला होता. तो जुळला.

म्हणजे ती भाचीची वाट बघत नव्हती.

लेफ्टनंटबाईंना मदिनाचे संदेश हवे आहेत. त्या मुलीच्या फोनमधले मदिनाने पुसायला लावले होते, तुझा फोन काकांनी फोडला. ते आता एकाच ठिकाणी आहेत. तू प्रत्येक संदेश जसाच्या तसा दिल्नाझला पाठवायचीस, "बघ ना, ही काय म्हणते" असं वर लिहून. सगळे माझ्याकडे आहेत.

मी लेफ्टनंटबाईंना सांगितलं, "चार दिवस द्या."

कारण ते संदेश दिले की तुझेही शब्द त्यांच्यासोबत जातात. आईबद्दल लिहिलेलं, ती मॉस्कोहून फोन करते तेव्हा तिच्या मागे कुठल्यातरी दुसऱ्याच बाळाचा आवाज येतो, हे. आजीबद्दलचं. हे सगळं तू एका मुलीला सांगितलं होतंस आणि मी ते चोरून ऐकलं. आता तुला न विचारता अनोळखी टेबलावर ठेवणार नाही. तू नको म्हणालीस तर नाही देणार. मग त्या बाई मला काय करायचं ते करोत.

आणि होकार देण्याआधी तुला दोन गोष्टी माहीत हव्यात. मी त्या लपवल्या.

पहिली. मदिनाचं नाव तू पहिल्या गुरुवारी लिहिलं नव्हतंस. ते आलं चौथ्या आठवड्यात. पहिले तीन आठवडे मी कुठल्याच धोक्यावर लक्ष ठेवून नव्हते. फळ्यावर नावं लिहायचा शुक्रवार आला आणि गेला, आणि मी खातं पुसलं नाही. का, असं लेफ्टनंटबाईंनीही विचारलं. मी सांगितलं, 'विद्यार्थिनीच्या काळजीपोटी.' त्यांनी लिहून घेतलं. चेहऱ्यावरून पटलेलं दिसलं नाही.

दुसरी जास्त वाईट आहे. पाचव्या आठवड्यात तू लिहिलं होतंस, "मदिनाने पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं होतं. परक्या शहरात कुणाच्या भरवशावर जायचं? पण मग डोक्यात आलं, अगं, तू आहेस ना तिथे!"

मी हे वाचलं. त्याच क्षणी खरं सांगायला हवं होतं. दिल्नाझ नाही, अल्माटीत तुझं कुणीही नाही, मी तुझी एजे आहे. तू माझ्यावर थुंकली असतीस, पण त्या गाडीत बसली नसतीस. बाजारात तमाशा झाला नसता, फोन फुटला नसता, तुझ्या वडिलांनी रशियातून 'शाळा बंद' म्हणून फर्मान काढलं नसतं. मी काय केलं? लिहिलं, "नीट विचार कर हं, पटतंय ना?" आणि पुढच्या संदेशाची वाट बघत बसले.

मदिनाने गळ टाकला होता. त्याला आमिष माझं होतं.

उत्तर हो असो वा नाही, जुमाबेकजवळ एक शब्द सांगून पाठव.

उलकान


सारी-केचू, ४ मार्च

पेरिझात,

तू जुमाबेकजवळ दिलेली चिठ्ठी एवढी लहान होती की पाकीट रिकामंच आहे असं मला वाटलं. तीन ओळी. "द्या. पण आधी वर्गाला सांगा, तुम्ही स्वतः, उभं राहून. आणि मग मला सांगा, दिल्नाझने मला सांगितलेलं एक तरी खरं होतं का."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दहावीच्या वर्गात गेले. हजेरी घेतली नाही. फळ्यावर दिल्नाझचं नाव लिहिलं आणि विचारलं, "हिला कोण कोण ओळखतं?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग हात वर गेले, एक-एक करत. मी म्हटलं, "ती मी आहे."

आधी हशा पिकला. त्यांना वाटलं, एजे तासात रंग भरतायत. हसता हसता एर्मेकचाच आवाज आधी बसला. "म्हणजे... माझं गाणं ऐकून 'तू स्टेजवर जा' म्हणाली, ती तुम्ही?"

"हो."

"मग ते खरं होतं की धडा होता?"

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली, दप्तर घेतलं आणि निघून गेली. कुणी तिला थांबवलं नाही. मी सगळं सांगितलं, मदिना, सातची गाडी, सोनुन आपांचं दार. तुझ्या घरचं काही सांगितलं नाही. शेवटी आयचुरोक उभी राहिली. "तीन महिने अख्खी शाळा मला चहाडखोर म्हणतेय, एजे. आता तरी सगळ्यांना ऐकू आलं ना?" मी तिच्यासमोर मान खाली घातली. ती बसली, अर्ध्याच बाकावर.

शाळा सुटल्यावर तुझ्या आजीकडे गेले. सोनुन आपांनी सगळं ऐकून घेतलं, चहा ओतला, माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "निनावी माणूस म्हणालीस तेव्हाच मला तुझ्या डोळ्यांत काहीतरी खुपलं होतं. पोरगी वाचली म्हणून गप्प बसले. पण मला सांग, माझ्या नातीचं गुपित तुझ्या फोनमध्ये करत काय होतं?" चहा पिऊन जा, असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही प्यायला थांबले नाही. पण मी दाराबाहेर पडताना त्यांनी तुझ्यासाठी सुक्या दह्याच्या गोळ्यांची पिशवी माझ्या हातात कोंबली. ती या पत्रासोबत आहे. तुझ्या वडिलांना फोनवर काय सांगितलं ते मला सांगितलं नाही, एवढंच म्हणाल्या, "पोरगी शाळेत जाईल. कुठल्या, ते ती ठरवेल."

संदेश लेफ्टनंटबाईंकडे दिले. वाइन रंगाच्या कोटवाली आणि राखाडी गाडीचा ड्रायव्हर दोघेही कोठडीत आहेत. तिच्या फोनमध्ये तुझ्या ओळखपत्राचा फोटो सापडला, आणि आणखी एकतीस मुलींचे. त्या एकतीस घरी आता कुणीतरी जाऊन दार वाजवतंय. तोकमोकला तुझा जबाब घ्यायला लेफ्टनंटबाई स्वतः येतील. खात्री पटावी म्हणून आधी आत्याच्या घरच्या जुन्या फोनवर कळवतील. तरीही ओळखपत्र मागून बघ. त्यांना राग येणार नाही.

माझा तास काढून घेतलाय. चौकशी चालू आहे. बहुतेक मला शाळेत ठेवणार नाहीत, आणि मी त्यांच्या जागी असते तर मीही ठेवलं नसतं. नवीन बाई नारीनहून येतात, तरुण आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "मुलांना कुठून शिकवायला सुरुवात करू?" मी म्हटलं, "माझ्यापासून करा."

आता तुझा प्रश्न.

फोटो खोटा. तो माझ्या बहिणीच्या मुलीचा होता, कारागांदात राहते ती. तिलाही विचारलं नव्हतं, आता सांगितलं, आता ती माझ्याशी बोलत नाही. गिटार वाजवणारा भाऊ नाही. अल्माटीला मी आयुष्यात एकदा गेलेय, दोन दिवस, प्रशिक्षणाला. डोंगर दिसणारी खिडकी नाही, माझ्या खिडकीतून शाळेचं कोळशाचं कोठार दिसतं. तुला झोप येत नव्हती तेव्हा दिल्नाझने सांगितलेली समुद्राची सहल मी जुन्या मासिकातून उचलली होती.

पण तिसऱ्या आठवड्यात, मदिना यायच्या आधी, तू विचारलं होतंस, "तू इतक्या पटकन उत्तर कशी देतेस गं? मी लिहिते न लिहिते तोच. तुला दुसरं कुणीच नाही का लिहायला?"

मी लिहिलं होतं, "नाही."

तेवढं खरं होतं.

उलकान